ग्राफ्ट किती ते नंतर, आधी हात कुणाचा ते विचार

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, मी थोडक्यात देते.

"ताई, मी २७ वर्षांचा, अंधेरीला अकाउंट्समध्ये आहे. बावीस-तेविसाव्या वर्षापासून केस जातायत, आता कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत आणि भोवऱ्याजवळ विरळ झालंय. बाबांना पूर्ण टक्कल आहे. साखरपुडा झाला, लग्न साडेतीन महिन्यांवर आलंय. परवा आई दादरहून मुंडावळ्या घेऊन आली, तिने सहज माझ्या कपाळाला लावून बघितल्या आणि मला आरशात दिसलं की ह्या बांधल्यावर कपाळ कुठे संपतं तेच कळत नाहीये. हेअर ट्रान्सप्लांटसाठी तीन ठिकाणी जाऊन आलो. अंधेरीला काउन्सेलर मॅडम म्हणाल्या ५००० ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे छोटे पुंजके), ५५ हजारांचं पॅकेज, आज दहा हजार टोकन भरलं तर पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची डोक्यात इंजेक्शनं) फ्री, डॉक्टर ऑपरेशनच्या दिवशी भेटतील. दादरला डॉक्टर स्वतः भेटले, २२०० ग्राफ्ट आणि दीड लाख म्हणाले. ठाण्याच्या डॉक्टरांनी फी घेतली, अर्धा तास भिंगातून डोकं बघितलं आणि म्हणाले आत्ता करू नकोस, वर्षभर औषध घे मग बघू. म्हणजे पैसे घेऊन काहीच केलं नाही. कुठे करू? आणि होणाऱ्या बायकोला सांगू का?"

अरे, आधी एक सांगते, मुंडावळ्यांचं वाचून मला खरंच भरून आलं. केस जाण्याचं दुःख लोकांना किरकोळ वाटतं, घरातलेसुद्धा "पुरुषाला काय करायचेत केस" म्हणून मोकळे होतात, पण रोज सकाळी उशीवर आणि बाथरूमच्या जाळीवर स्वतःचे केस बघणाऱ्याला ते किरकोळ नसतं. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हे सगळं मी फार जवळून बघितलंय, म्हणून तुला जरा लांबलचक उत्तर देतेय, आणि उत्तराची सुरुवात ज्याच्यावर तू चिडलायस त्या ठाण्याच्या डॉक्टरपासून करते.

तो म्हणाला आत्ता नको. तिघांत मला सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर बसला. का ते नीट समजून घे, कारण सर्जन निवडायचं सगळं मर्म तिथेच आहे.

ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागचे आणि कानामागच्या बाजूचे जे केस टक्कल पडलं तरी टिकतात, ते मुळासकट काढून पुढे लावतात, एवढंच. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५० च्या दशकात हेच दाखवून दिलं की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मागचाच स्वभाव धरून राहतो, म्हणजे टिकतो, आणि आजचं सगळं ट्रान्सप्लांट त्याच एका गोष्टीवर उभं आहे. पण मागची जागा मोजकी. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, आणि साधारण माणसाच्या मागच्या भागातून आख्ख्या आयुष्यात पाच-सहा हजारांच्या आसपास ग्राफ्ट काढता येतात, कुणाचे कमी, कुणाचे थोडे जास्त. काढलेल्या जागी परत केस येत नाही. म्हणजे ही बापजाद्यांची पुंजी समज, एकदा खर्च केली की संपली, आणि तू २७ वर्षांचा आहेस, बाबांना पूर्ण टक्कल आहे, तुझं टक्कल कुठपर्यंत जाणार हे अजून कुणालाच दिसलेलं नाही. अशा वेळी एका दिवसात ५००० काढायला निघालेला माणूस तुझी जवळजवळ सगळी पुंजी उडवणार आहे, आणि चाळिशीत जेव्हा मधला भाग मोकळा होईल तेव्हा लावायला काही उरणार नाही.

हे माझ्या घरात झालंय. भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा होता, २०१६ चं साल, त्यालाही असंच स्वस्तात पॅकेज मिळालं होतं. मी आणि आई बाहेर सोफ्यावर डबा घेऊन बसलो होतो. सकाळी नऊला त्याला आत नेलं. साडेदहाला डॉक्टर खांद्याला बॅग लावून आमच्या समोरून लिफ्टकडे निघाले, मी उठून विचारलं झालं का, तर म्हणाले आमची टीम करतेय, काळजी करू नका. टीम म्हणजे दोन मुलं होती, एक जण तर भावापेक्षाही लहान दिसत होता. संध्याकाळी सहापर्यंत त्या दोघांनीच केलं. आम्ही काही बोललो नाही, आम्हाला वाटलं असंच असतं, आणि आई अजूनही तेच म्हणत बसते की मी तेव्हा उठून आत का नाही गेले.

वर्षभराने पुढे केस आले, नाही असं नाही. पण हेअरलाइन पट्टीने आखल्यासारखी सरळ आणि कपाळावर फार खाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या मागचे मूळचे केस गेले, त्यामुळे पुढे एक पट्टा आणि मागे मोकळं रान. त्याहून वाईट डोक्याची मागची बाजू. एकदा मी त्याच्यासोबत सलूनमध्ये होते, कारागिराने मागून मशीन फिरवली आणि मध्येच हात थांबवला, काही न बोलता मशीन खाली ठेवून कात्री घेतली. कसर लागलेल्या लोकरीच्या कपड्यासारखं दिसत होतं मागे, पांढरे ठिपके ठिपके, मधेमधे पूर्ण उघडे चट्टे, कारण एकाच जागेतून दाटीवाटीने काढलं होतं. तेव्हापासून तो मागचे केस वाढवून ठेवतो आणि ट्रेनमध्ये शक्यतो पाठ पार्टिशनला टेकवून उभा राहतो. नंतर २०२१ मध्ये एका चांगल्या सर्जनने जमेल तेवढं दुरुस्त केलं, जबड्याखालच्या दाढीतून काही ग्राफ्ट घेतले, पुढच्या ओळीतले जाडजूड ग्राफ्ट काढून तिथे एकेका केसाचे लावले, पण तेही म्हणाले की मागे काढण्यासारखं मला काही ठेवलेलंच नाहीये.

म्हणून तुझा पहिला प्रश्न पॅकेज केवढ्याचं हा नको. पहिला प्रश्न असा की माझ्या डोक्याला हात कुणाचा लागणार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. काम चार टप्प्यांत होतं. हेअरलाइन आखणं आणि भूल देणं, मागून ग्राफ्ट काढणं, पुढे बारीक चिरा पाडणं, आणि त्या चिरांमध्ये ग्राफ्ट बसवणं. काढताना वापरतात तो पंच, म्हणजे बारीक गोल पोकळ पातं, साधारण एक मिलिमीटरचा किंवा त्याहून बारीक, त्वचेखाली केसाचं मूळ कुठल्या दिशेला वळलंय ते वरून दिसत नाही, अंदाजाने पंच फिरवायचा असतो, कोन चुकला की मूळ मधेच कापलं जातं आणि तो केस मागेही गेला आणि पुढेही उगवला नाही. चिरांचंही तसंच, केस कुठल्या दिशेला झुकून उगवणार आणि किती दाट दिसणार हे चिरेवरच ठरतं. हे सगळं डॉक्टरनेच करायचं असतं. ग्राफ्ट नुसते चिरेत ठेवायला अनुभवी टेक्निशियन मदत करतात, चांगल्या ठिकाणीही करतात, त्यात गैर काही नाही, पण डॉक्टर त्याच खोलीत हवा, लिफ्टमध्ये नको.

आणि हे माझं एकटीचं मत नाहीये. देशातल्या डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल सूचना काढल्या, त्यात म्हटलंय की हेअर ट्रान्सप्लांट प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी करावं, कारण ते त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे, आणि यूट्यूबवर बघून किंवा एखादं वर्कशॉप करून ही सर्जरी सुरू करता येत नाही. म्हणजे तुला बघायचंय ते असं, एमबीबीएस नंतर एमडी किंवा डीएनबी त्वचारोग, नाहीतर एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी. नुसतं "ट्रायकॉलॉजिस्ट", "हेअर एक्स्पर्ट", परदेशातली फेलोशिप, भिंतीवर फ्रेम करून लावलेली दहा सर्टिफिकेटं, ह्याने भारावून जाऊ नकोस. रजिस्ट्रेशन नंबर क्लिनिकमध्ये लावलेला असायला हवा, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर पण हवा. तो लिहून घे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघ, नाव आणि डिग्री जुळते का ते. दोन मिनिटांचं काम आहे. नंबर विचारल्यावर समोरचा नाराज झाला तर तिथेच तुला उत्तर मिळालं.

डिग्री आहे म्हणजे हात चांगला असतोच असंही नाही बरं का. त्वचारोगाचा एमडी असलेला डॉक्टर महिन्यातून एखादंच ट्रान्सप्लांट करत असेल. म्हणून सरळ विचार, तुम्ही स्वतः आठवड्याला किती करता, एका दिवशी किती पेशंट घेता. एका दिवसात तीन-चार ऑपरेशन्स आणि डॉक्टर एक, असं असेल तर गणित तूच कर, दोन-अडीच हजार ग्राफ्टच्या एका ऑपरेशनला सहा-आठ तास जातात. फोटो बघायचे तर वर्षभरानंतरचे बघ, आधीचा आणि नंतरचा एकाच प्रकाशात, एकाच कोनातून, केस ओले करून मागे विंचरलेले. आणि डोक्याच्या मागच्या बाजूचे फोटो माग, हे फार कमी लोक मागतात, पण तिथेच सगळं कळतं. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखंच टक्कल असलेला एखादा जुना पेशंट प्रत्यक्ष भेटायला तयार असेल तर उत्तम. ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये स्टाफ खूप प्रेमळ होता, अजिबात दुखलं नाही असे ऑपरेशननंतर दोन दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू सोडून दे, त्यावरून कामाचं काहीच कळत नाही, कारण केस तेव्हा उगवलेलेच नसतात.

आकड्यांबद्दल पण बोलू. ग्राफ्ट आणि केस यात काही जण मुद्दाम गोंधळ घालतात, ५००० केस म्हणजे साधारण अडीच हजार ग्राफ्ट, तेव्हा लेखी घे की आकडा कशाचा. आणि आकडा आला कुठून ते विचार. तुझा पुढचा भाग समज ५० चौरस सेंटीमीटर भरला, तिथे दर चौरस सेंटीमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे तर २००० होतात, असं मोजून सांगणारा डॉक्टर दादरचा वाटतोय, त्याच्याकडे परत जाऊन हे गणित विचारायला हरकत नाही. तिकडे अंधेरीच्या काउन्सेलरने तुझं डोकं भिंगातून बघितलंच नाही, मागची दाटी मोजली नाही, मग ५००० हा आकडा तिला दिसला कुठे? तो पॅकेजचा आकडा आहे, तुझ्या डोक्याचा नाही.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हे टाळू नकोस. भूल स्थानिक असली तरी ते इंजेक्शन वजनाप्रमाणे मर्यादेतच देता येतं, आणि जितके जास्त ग्राफ्ट तितकी जास्त भूल, जास्त तास. आपल्या मुंबईतच मार्च २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला होता, एकाच बैठकीत ९ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्याचं पेपरात आलं होतं, अ‍ॅलर्जीच्या रिअ‍ॅक्शनची शंका होती. तुला घाबरवायला सांगत नाहीये, असं क्वचितच होतं. पण आधी रक्ताच्या तपासण्या करतात का, बीपी, शुगर, औषधांची अ‍ॅलर्जी विचारतात का, ऑक्सिजन आणि इमर्जन्सीची औषधं तिथेच आहेत का, काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, हे विचारायचंच. यातलं काहीही न विचारता तारीख देणाऱ्याकडे डोकं द्यायचं नाही.

आता तुझं स्वतःचं. ठाण्याचा डॉक्टर औषध म्हणाला ते बहुतेक डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइडची गोळी असेल. फिनास्टेराइड पुरुषांच्या टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं, ते टकलाला कारण ठरणारा डीएचटी हा हॉर्मोन कमी करतं, आणि बऱ्याच जणांची गळती त्याने थांबते किंवा मंदावते. काही थोड्या पुरुषांना त्याने लैंगिक इच्छा कमी होणं वगैरे त्रास होतो, क्वचित मन उदास राहतं, आणि तुझं लग्न होतंय म्हणून हे डॉक्टरशी आधी मोकळेपणाने बोल, लाजू नकोस, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने तर अजिबात आणू नकोस. ते चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नसतं, हे सहसा कुणी सांगत नाही. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, घाबरून सोडू नकोस. औषधं सोडली की फायदा जातो, म्हणजे हे वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि ट्रान्सप्लांट केलं तरी मूळचे केस टिकवायला औषध लागतंच. ज्या सर्जनने तुला औषधाबद्दल एक शब्द सांगितला नाही, त्याला तुझे फक्त आजचे पैसे दिसतायत.

अर्धा तास भिंगातून बघण्यात पण अर्थ होता. केस जातायत म्हणजे अनुवांशिक टक्कलच असेल असं नसतं. चाई असेल, थायरॉइड असेल, आयर्न कमी असेल, डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी भरमसाट केस गळतात ते आपोआप परत येतात. चाई चालू असताना ट्रान्सप्लांट केलं तर लावलेलेही जाऊ शकतात. तुझ्या बाबतीत कोपरे आणि भोवरा म्हटल्यावर अनुवांशिकच वाटतंय, पण ठरवायचं डॉक्टरने. दुसरं मत हवं असेल आणि परत फी भरायची नसेल तर केईएम, सायन किंवा नायरच्या स्किन ओपीडीला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ, रांग असेल, अर्धा दिवस जाईल, पण तिथे तुला काही विकायला कुणी बसलेलं नाही.

लग्नाचं. साडेतीन महिन्यांत ट्रान्सप्लांट करून मांडवात केस घेऊन उभं राहता येत नाही रे. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळून पडतात, मूळ आत राहतं, आजूबाजूचे मूळचेही काही काळ गळू शकतात, नवे उगवायला तीन-चार महिन्यांनी सुरुवात होते, खरं रूप नऊ ते बारा महिन्यांनी दिसतं आणि भोवऱ्याजवळ त्याहून उशीर. म्हणजे आत्ता घाईने केलंस तर मुंडावळ्या बांधायच्या दिवशी आजच्यापेक्षा विरळ दिसशील. शिवाय पहिले काही दिवस उशा लावून अर्धवट बसून झोपायचं, दोन-तीन दिवसांनी कपाळावर सूज येते, आठ-दहा दिवस लावलेल्या भागाला धक्का लागता कामा नये, आणि तू डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडतोस, त्या गर्दीत कुणाची बॅग कुठे लागेल सांगता येतं का. लग्नाच्या धावपळीत हे जमणारच नाही. कॉस्मेटिक म्हणून मेडिक्लेममध्येही बसत नाही, वर जीएसटी लागतो, लग्नाच्या खर्चात ईएमआय कशाला.

होणाऱ्या बायकोला सांग. ट्रान्सप्लांटचा विचार आहे हे सांग आणि औषध सुरू करणार असशील तर तेही, कारण फिनास्टेराइडची गोळी घरात येणार आणि मूल हवं असताना किंवा गरोदर असताना बाईने तुटलेली गोळी हाताळायची नसते, पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो. पण त्याहीपेक्षा म्हणून सांग की तिने तुला साखरपुड्यात ह्याच डोक्याने बघितलंय आणि हो म्हटलंय. माझ्या भावाने त्याच्या बायकोला लग्नानंतर दोन वर्षं मागच्या चट्ट्यांबद्दल सांगितलं नव्हतं, अंघोळीनंतर डोक्याला टॉवेल गुंडाळूनच बाहेर यायचा. ती आधीच ओळखून होती, वाट बघत होती तो कधी बोलतो त्याची.

अंधेरीला टोकन भरलं नसशील तर भरू नकोस. भरलं असशील तर पैसे परत हवेत म्हणून ईमेलवर लेखी माग, फोनवर नाही, पावती जपून ठेव, दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि आज रात्रीच एक कर, आईला किंवा बाबांना सांगून ट्यूबलाइटखाली उभा राहा, समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून असे पाच फोटो काढून घे, दर महिन्याला त्याच जागी त्याच प्रकाशात परत काढ. वर्षाने ठाण्याच्या किंवा दादरच्या, ज्या डॉक्टरसमोर बसशील, त्याला ते दाखव, गळती थांबली की चालू आहे ते त्याला त्यातूनच कळेल. लग्नानंतर मला एकदा कळव, बायको काय म्हणाली तेही.